कोरडीचे वाटाणे

वटारला शेती म्हटली की पाणी आलंच. केळीला पाणी, पानवेलीला पाणी, मोगऱ्याला पाणी. माणूस सकाळी उठून आधी पंप सुरू करतो आणि मग तोंड धुतो. अशा या पाणवेड्या गावात ज्या एकाच तुकड्याला पाणी द्यायचं नाही, नेमका तोच क्रिस्टीनाच्या वाट्याला आला. याला नशीब म्हणायचं की आळीची लबाडी, ते सांगून होईपर्यंत तुम्हीच ठरवा.

तुकड्याचं नाव कोरडी. दहा गुंठे असेल. पावसाळ्यात तिथे भात होतं, आणि नोव्हेंबरात भात कापून झालं की जमिनीत जी ओल उरते त्या ओलीवर गावठी वाटाणा पेरायचा. बारीक दाणा, मळकट हिरवा, दिसायला अगदीच गरीब. पेरल्यावर त्याच्याकडे रोज बघायचं, पण पाणी दाखवायचं नाही. पहाटेचं दव पितो आणि उभा राहतो. दुपारी माना टाकतो, संध्याकाळी परत वर करतो. फेब्रुवारी सरता सरता वेल वाळले की भल्या सकाळी, दव अंगावर असतानाच उपटायचे. ऊन चढलं की शेंगा तडतडतात आणि दाणे मातीत जातात. हे सगळं क्रिस्टीनाला तिच्या वडिलांनी, पीटरबाबांनी शिकवलं, आणि पीटरबाबांना त्यांच्या वडिलांनी.

पूर्वी कोरडी चारी बाजूंनी मोकळी होती. आता तीन बाजूंना बंगल्यांची कंपाउंडं उठली आहेत आणि चौथ्या बाजूला जॅक्सनची केळीची वाडी, तीही तारेच्या कुंपणात. आत जायला दोन भिंतींच्या मध्ये हातभर फट राहिली आहे. क्रिस्टीना आडवी होऊन, पोट आत ओढून, एक खांदा पुढे करून शिरते. वेलांचा भारा तिथून निघत नाही, म्हणून तो भिंतीवरून पलीकडे टाकायचा आणि मग स्वतः फटीतून बाहेर येऊन डोक्यावर घ्यायचा. एकदा तिचा गाऊन भिंतीतल्या खिळ्याला अडकला आणि ती पाऊण तास तशीच उभी राहिली, ना आत ना बाहेर. हाक मारली असती तर रस्त्यावरून कोणीही धावून आलं असतं, पण हाक मारायची सवयच नव्हती तिला. शेवटी गाऊन टरकावला आणि घरी आली.

आता दहा गुंठ्यांतल्या वाटाण्याचा एवढा बडेजाव कशाला, तर तो क्रुसाचा वाटाणा. आळीच्या तोंडाशी दगडी क्रूस आहे. मे महिन्यात त्याचा सण असतो. संध्याकाळी रोजरीची जपमाळ, गाणी, आणि मग सगळ्यांना द्रोणातून उकडलेले वाटाणे, वर खोबरं, मिरची आणि लिंबाची फोड. बाकीच्या आळ्यांत चणे देतात. या आळीत वाटाणाच, आणि तोही कोरडीचाच. जमीन आळीची, जे घर ती कसेल त्याने भात खुशाल आपल्या घरी न्यावं, पण सणाचे वाटाणे त्याने पिकवायचे, त्यानेच उकडायचे आणि पुढच्या पेरणीचं बी राखून ठेवायचं. याला आळीत मान म्हणतात. कोणाला तो सोडायचा असेल तर त्याचीही रीत आहे. सणाच्या दिवशी रोजरी संपली की बियाने काठोकाठ भरलेलं मडकं क्रुसाच्या पायरीवर ठेवायचं. वाटाणे खाऊन होईपर्यंत ते तिथे राहतं. ज्या घराला मान हवा त्याने तेवढ्यात ते उचलायचं. कोणी नाहीच उचललं, तर ज्याने ठेवलं त्यानेच परत घरी न्यायचं.

क्रिस्टीनाच्या आजोबांनी ते उचललं होतं, आपल्या दोन हातांनी, सगळ्या आळीदेखत. पीटरबाबा ही गोष्ट जेवायला बसले की सांगत. आजोबांनी कोणता सदरा घातला होता, मडकं उचलल्यावर म्हातारे कसे वाहवा म्हणाले, सगळं सांगत. क्रिस्टीनाला ती गोष्ट तोंडपाठ होती आणि लहानपणी आवडायचीही.

आता ती एकोणपन्नासची आहे. एकोणिसाव्या वर्षी ती वसईला नर्सिंगचा वर्षभराचा कोर्स करत होती. अकरा महिने झाले होते, एक राहिला होता. नोव्हेंबरात आई गेली. भात नुकतंच कापलेलं, जमिनीतली ओल दिवसादिवसाला उडत होती, बाबा ओट्यावर भिंतीला टेकून बसलेले, भाऊ रुडॉल्फ अजून शाळेत. "एवढी पेरणी करून जा, बाय," बाबा म्हणाले. एवढी पेरणी करून जा! अहो, ती पेरणी अजून संपलेली नाही.

चोविसाव्या वर्षी निर्मळ गावचं स्थळ आलं. मुलगा सरळ होता, बोलायला गोड होता, क्रिस्टीनाला आवडलाही होता. त्यांना लग्न ईस्टरआधीचा उपवासकाळ लागायच्या आत हवं होतं, कारण त्या दिवसांत लग्नं लागत नाहीत. बाबा म्हणाले, वेल उभे आहेत, ईस्टरनंतर बघू. ईस्टरनंतर क्रुसाचा सण आला. सणानंतर पाऊस आला. पाऊस सरता सरता बातमी आली की मुलाचं दुसरीकडे जमलं. वाटाण्यापायी मोडलेलं लग्न तुम्ही कुठे ऐकलंय? आणि वाईट म्हणजे कोणी नाही म्हटलंच नव्हतं. नाही म्हटलं असतं तर भांडता तरी आलं असतं. सगळे फक्त बघू म्हणाले.

रुडॉल्फ शिकला, त्याला नोकरी लागली, लग्न झालं, विरारला फ्लॅट घेतला. सणाला येतो, दोन द्रोण वाटाणे खातो आणि म्हणतो, "ताई, तुझ्यामुळे घराचं नाव राहिलं हं!" नाव राहिलं खरं. ते सांभाळायला तिला ठेवून साहेब विरारला गेले.

आळीतही तिचं कौतुक कमी नाही. "वाटाणा चिवट आणि आमची क्रिस्टीना चिवट," असं म्हणतात. क्रिस्टीनाला या शब्दाचा संताप येतो. तिने तो कधी दाखवला नाही, पण येतो. चिवट म्हणजे काय, तर याला काही लागत नाही, हे असंच राहील. केळ जरा पिवळी पडली तर लोक औषध आणायला धावतात. वाटाण्याकडे कोण धावतो? तो मरत नाही एवढीच त्याची चूक. तिला रडू येई ते बाबांना आंघोळ घालून झाली, चादरी धुवून झाल्या, की तेवढ्यापुरतं. बाबा चार वर्षांपूर्वी घसरून पडले, कमरेचं हाड मोडलं, आणि तेव्हापासून खाट आणि चाकांची खुर्ची एवढंच त्यांचं जग. जड माणूस. त्यांना खाटेवरून खुर्चीत घेताना तिच्या पाठीतून कळ जाते. बाबांवर तिची माया नाही असं नाही. खूप आहे, आणि म्हणूनच सगळा घोळ आहे.

गेल्या ऑक्टोबरात एक गोष्ट घडली. चर्चमध्ये प्रार्थनेला जव्हारच्या कॉन्व्हेंटातून एक सिस्टर आल्या होत्या. गर्दीत एका बाईला चक्कर आली, सगळे तिच्याभोवती कोंडाळं करून वारा घालत बसले. क्रिस्टीनाने लोकांना मागे सारलं, बाईचे पाय उंच केले, नाडी धरली, कोणाला साखर आणायला पिटाळलं. सिस्टर बघत होत्या. नंतर त्यांनी विचारलं, "तुम्ही नर्स आहात?" "एक महिन्याने राहिले," क्रिस्टीना म्हणाली. सिस्टर हसल्या नाहीत, हे तिला फार बरं वाटलं. त्यांच्या मुलींच्या वसतिगृहाला मेट्रन हवी होती. साठ मुली, राहायला स्वतंत्र खोली, खोलीला खिडकी. "एक जूनला या," सिस्टर म्हणाल्या. "तोवर मी जागा धरून ठेवते. पण जूनच्या पुढे नाही हं, मुली येतात."

क्रिस्टीना घरी आली, स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं आणि एकटीच हसत उभी राहिली. एकोणपन्नासाव्या वर्षी कोणीतरी तिच्यासाठी जागा धरून ठेवली होती!

तिने रुडॉल्फला फोन केला. तो लगेच म्हणाला, "बाबांना मी ठेवतो. लिफ्ट आहे, काही अडचण नाही. पण ते येतील का?" तिथेच तर मेख होती. बाबांचं म्हणणं ठरलेलं होतं: "घरात क्रुसाचं बी आहे तोवर मी हे घर सोडणार नाही." म्हणजे बी घराबाहेर गेल्याशिवाय बाबा जाणार नाहीत, बाबा गेल्याशिवाय क्रिस्टीना जाणार नाही. सगळं त्या एका मडक्याशी येऊन थांबलं.

ती जॅक्सनकडे गेली. जॅक्सन नात्याने चुलतभाऊ, कोरडीला लागूनच त्याची वाडी, अंगाने धडधाकट, बायको रिचेल कामाला वाघ. क्रिस्टीनाने सरळ विचारलं, "यंदा मी मडकं ठेवते. तू उचलशील?"

"उचलतो की!" जॅक्सन म्हणाला. "त्यात काय एवढं? तू निर्धास्त जा."

रिचेलनेही मान डोलावली आणि चहा टाकला. क्रिस्टीना तो चहा पिऊन घरी आली ती जमिनीवर पाय न टेकता. आता फक्त मडकं काठोकाठ भरायचं होतं, बारा किलोचं, आणि त्याशिवाय सणाचे पंधरा-वीस किलो. कोरडीने त्याहून कितीतरी जास्त दिलं होतं आजवर. चिंता करायचं कारणच नव्हतं.

पण यंदा दवच पडेना. पाऊस लवकर गेला होता, डिसेंबर कोरडाठाक, थंडी नावापुरती. जानेवारीत फुलं धरली आणि दुपारी वेल माना टाकू लागले, तसे ते दरवर्षी टाकतात. पण संध्याकाळी त्या नीट वर येईनात. क्रिस्टीना रोज फटीतून आत शिरे, बांधावर उकिडवी बसे आणि शेंगा मोजे. रात्री डोळे मिटले की तिला मडकं दिसे, अर्धंच भरलेलं. घरी बाबा विचारत, "वेल कसे आहेत?" ती म्हणे, "बरे आहेत."

एक दिवस जॅक्सनने कुंपणापलीकडून हाक मारली. "अगं, चेहरा काय टाकून बसलीस? देऊन टाक एक पाणी. माझा पंप चालूच आहे."

"वाटाण्याला पाणी देत नाहीत," क्रिस्टीना म्हणाली.

"कोणी सांगितलं? म्हाताऱ्यांचं आपलं काहीतरी. वाळून मेलेला वाटाणा मडक्यात भरणार आहेस काय?"

तिला बाबांचा शब्द माहीत होता. तीस वर्षं तिने तो पाळला होता. पण ती वटारची होती, हे विसरू नका. जन्मापासून तिने एवढंच पाहिलं होतं की मान टाकलेल्या झाडाला पाणी दिलं की ते उठतं. मोगरा उठतो, केळ उठते, मिरची उठते. हात आपोआप पाइपकडे गेला. जॅक्सनने तारेखालून पाइप सरकवला आणि तिने दोन तास, सरीसरीने, पाइप पोचेल तिथवर कोरडीला पाणी पाजलं. मातीचा वास आला. संध्याकाळी वेल असे काही ताठ उभे राहिले की तिचे डोळे भरून आले. आपण इतकी वर्षं उगीच घाबरलो, असं वाटलं तिला.

तिसऱ्या दिवशी पानांच्या कडा पिवळ्या पडल्या. आठव्या दिवशी कोरडी करपून गेली, उरला तो एक कोपरा, जिथे पाइप पोचला नव्हता. जॅक्सनची विहीर दोन वर्षांपासून मचूळ झाली होती. त्याच्या केळीच्या पानांच्या कडाही जळत होत्या, पण केळ कुरकुरत का होईना ते पाणी सोसते. वाटाणा उन्हाला पुरून उरतो, थंडीला उरतो, माणसांनी केलेल्या हेळसांडीला उरतो. मिठाच्या पाण्यापुढे मात्र त्याचं काही चालत नाही. जॅक्सन म्हणाला, "अरे देवा, मला वाटलं एवढं तर चालेल." झालं. त्याचं काम संपलं.

क्रिस्टीना फटीत अडकल्यासारखी घरात वावरू लागली. बाबांना सांगावं तर ते कोसळतील. न सांगावं तर मे महिना येणारच. फेब्रुवारीत तिने उरल्या कोपऱ्यातले वेल उपटले, काठीने झोडपले, सुपात पाखडले, मातीत सांडलेले दाणे नखांनी वेचले. मोजून चौदा किलो. बारा तिने राख घालून मडक्यात भरले. मडकं काठोकाठ भरलं, वर दाणा ठेवायला जागा नव्हती. सणाला उकडायला उरले दोन किलो, आणि आळी दीडशे माणसांची.

मे महिन्यात, सणाला आठवडा असताना, ती विरारला गेली. मुद्दाम विरारला, कारण तिथे रुडॉल्फचं घर सोडलं तर तिला कोणी ओळखत नाही. बाजारातून तिने पंधरा किलो सुका हिरवा वाटाणा घेतला, टपोरा, एकसारखा, चकचकीत. पोतं रिक्षात पायांशी ठेवलं, वर जुनी चादर टाकली. वाटेत ओळखीचं कोणी दिसलं की ती चादर आणखी खाली ओढे. आजोबा, बाबा आणि ती अशा तीन पिढ्यांत क्रुसापाशी बाजारचा वाटाणा कोणी नेला नव्हता. पाप केलं की काय, असं तिला वाटत होतं. पण त्याहून मोठ्याने वाटत होतं ते एकच, की मडकं भरलेलं आहे.

सणाच्या संध्याकाळी क्रुसाला झेंडूच्या माळा घातल्या, दिव्यांचं तोरण लावलं. बाजूला तीन दगडांच्या चुलीवर क्रिस्टीनाचा मोठा टोप रटरटत होता. रुडॉल्फ गाडी घेऊन आला, बाबांना खुर्चीतून पायरीजवळ आणलं. रॉबर्टकाकांनी, आळीतल्या सगळ्यांत मोठ्या माणसाने, रोजरी सांगितली. शेवटचं गाणं संपलं आणि क्रिस्टीना मडकं घेऊन पुढे आली. तिने आधी कोणाला सांगितलं नव्हतं, जॅक्सन-रिचेल, रुडॉल्फ आणि बाबा सोडून. बाबांना तिने आदल्या दिवशी सांगितलं होतं. ते भिंतीकडे तोंड करून झोपले होते. तिने मडकं पायरीवर ठेवलं. मग कोणीतरी द्रोण वाजवला आणि लोक वाटाण्यांकडे वळले.

ती वाढत होती आणि कान टवकारून होती.

"यंदा दाणा काय टपोरा आलाय!" एक म्हणाला.

"पण चव बघ, चव तीच. बाजारच्या वाटाण्याला ही चव येईल का?"

"छे! कोरडीची चव ती कोरडीची चव. जमिनीतच आहे ते."

"आणि हातात. क्रिस्टीनाच्या हातात आहे."

क्रिस्टीनाला हसावं की रडावं कळेना. विरारच्या बाजारातला तो दुकानदार तिच्या डोळ्यांसमोर आला. तिने जॅक्सनला दुसऱ्यांदा द्रोण भरून दिला आणि हळूच म्हणाली, "मडकं."

जॅक्सन द्रोणात बघत राहिला. "क्रिस्टीना, खरं सांगू? हे खाल्लं ना, आणि मला वाटलं, आमच्या हाताला ही चव यायची नाही. लोक नावं ठेवतील गं. आळीला तुझ्याच हातची सवय आहे."

"तू शब्द दिला होतास."

"दिला होता, नाही कुठे म्हणतोय?" जॅक्सन म्हणाला.

"पण यंदा नको. आम्हाला एक वर्ष शिकव तू, पुढच्या वर्षी नक्की," रिचेल मध्ये पडून म्हणाली आणि लिंबाची फोड पिळू लागली.

लावल्या वाटाण्याच्या अक्षता! आणि त्या कोणी लावल्या, तर जो दोन द्रोण हाणून बसला होता त्याने. क्रिस्टीनाने मान वर करून सगळ्यांकडे पाहिलं. मडकं क्रुसाच्या पायरीवर होतं, आणि दीडशे माणसांना एकाएकी आपापल्या द्रोणात काहीतरी फार बघण्यासारखं सापडलं होतं. रुडॉल्फने फोन काढला. "ताई, एक वर्षाचाच प्रश्न आहे ना," तो फोनकडे बघत म्हणाला. "सिस्टरांना सांगून बघ."

रॉबर्टकाका जवळ आले, तिच्या डोक्यावर हात ठेवला. माणूस वाईट नव्हता. "घरी ने, बाय," ते म्हणाले. "पुढच्या वर्षी बघू."

बाबांनी बोटाने तिला बोलावलं. ती खुर्चीपाशी जाऊन वाकली. त्यांच्या मांडीवरचा द्रोण भरलेलाच होता; एकच घास खाल्लेला.

"हे आपले नाहीत," ते पुटपुटले.

"नाहीत."

"पाणी दाखवलंस?"

"दाखवलं. जॅक्सनच्या विहिरीचं." आता ते ओरडतील म्हणून ती थांबली. ओरडले असते तर बरं, असंच तिला वाटत होतं.

ते ओरडले नाहीत. मडक्याकडे बघत म्हणाले, "मीपण ठेवलं होतं एकदा."

"काय?"

"हेच. ऐंशी साली. मला कुवेतला जायचं होतं, व्हिसा आला होता. तू चार वर्षांची होतीस. स्टॅनी म्हणून मित्र होता माझा, तो उचलणार होता. द्रोण चाटूनपुसून खाल्ला त्याने, आणि मग बघतो तर घरी निघून गेला. मग मीच उचललं. घरी नेलं. तुझ्या आईला म्हटलं, मान आहे, तो असा सोडतात होय? ती बिचारी काही बोलली नाही. त्या स्टॅनीला मातीत जाऊन वीस वर्षं झाली, मला त्याचा राग अजून जात नाही."

जेवताना ऐकलेल्या त्या सगळ्या गोष्टी, आजोबांचा सदरा, म्हाताऱ्यांची वाहवा, आणि ही एक गोष्ट त्यांनी कधीच सांगितली नव्हती. "तुम्हाला ठाऊक होतं हे कसं असतं," ती म्हणाली. "तरी मला बांधून ठेवलंत? तीस वर्षं? का, बाबा?"

म्हाताऱ्याने तिच्याकडे पाहिलं. खोटं बोलायचं त्यांच्यात आता त्राण नव्हतं. "कोणावर तरी टाकायचं होतं," ते म्हणाले. "तू घरात होतीस."

ती सरळ उभी राहिली. पाठीतून नेहमीची कळ गेली. तिला वडिलांची इतकी दया कधी आली नव्हती आणि इतका रागही कधी आला नव्हता, दोन्ही एकाच वेळी, छाती फुटेल असं. ती क्रुसापाशी गेली, गुडघे टेकून खुणेपुरती प्रार्थना केली, आणि दोन्ही हातांनी मडकं उचललं.

सगळ्या आळीने सुटकेचा श्वास सोडला. तो ऐकू आला, अगदी स्पष्ट. कोणी टाळ्या वाजवल्या. "शाब्बास, क्रिस्टीना!" कोणी म्हणालं. रॉबर्टकाकांनी क्रुसाची खूण केली. जॅक्सन तर द्रोण टाकून धावतच आला. "दे, दे इकडे, घरापर्यंत मी धरतो. जड आहे ते तुला."

क्रिस्टीनाने त्याला बाजूला केलं आणि घराच्या दिशेने न वळता ती चुलीकडे गेली. टोपात तळाला थोडे वाटाणे आणि बरंच पाणी उकळत होतं. तिने मडकं टोपाच्या काठावर टेकवलं आणि कलंडलं. बारा किलो बी राखेसकट धडधडत पाण्यात पडलं, पाणी उसळून चुलीत सांडलं, धुराचा लोट उठला.

"अगं, बी आहे ते!" रिचेल किंचाळली. "पेरायचं बी!"

"होतं," क्रिस्टीना म्हणाली आणि मडकं उपडं करून तळाला दोन थापा मारल्या.

रॉबर्टकाका लटपटत पुढे आले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. "बाय, काय केलंस हे? पुढच्या वर्षी क्रुसाला काय द्यायचं?"

"मला नाही ठाऊक, काका. मी जव्हारला असेन."

टोपात मळकट हिरवे दाणे वरखाली होत होते. रुडॉल्फ फोन खिशात घालून बहिणीकडे अशा नजरेने बघत होता की जणू ही बाई त्याने आधी पाहिलीच नव्हती. जॅक्सन दोन पावलं मागे सरकला. काही बायका निघायच्या बेतात उठल्या आणि कोणीच निघत नाही असं पाहून परत बसल्या.

तेवढ्यात खुर्चीतून पीटरबाबांचा आवाज आला, बऱ्याच वर्षांत आला नव्हता एवढा मोठा.

"ते लाकूड आत सारा रे कोणीतरी. न भिजवलेले आहेत, शिजायला वेळ लागेल." मग त्यांनी मांडीवरचा भरलेला द्रोण खाली जमिनीवर ठेवला. "आणि झाले की मला आधी दे गं, क्रिस्टीना. आपले आहेत ते."